गुलाबची भिंत

परवा नातीचा फोन आला. म्हणाली, "आजी, मी एका वर्कशॉपला चाललेय. तिथे चित्रं काढून मन मोकळं करायला शिकवतात."

"चित्र यायला लागतं का गं?"

"छे! उलट येत नसेल तर जास्त चांगलं, असं म्हणतात ते."

मी फोन ठेवला आणि पोट धरून हसले. ही एवढी गोष्ट डोक्यात शिरायला मला सॅनिटोरियममधली नोकरी करावी लागली, आणि हिला ती नाव नोंदवतानाच कळली. तेवढ्यात आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगर मंडळाचे संपादक दिवाळी अंकासाठी दारात उभे. "आजी, नोकरीच्या आठवणी लिहा ना." मी म्हटलं, लिहिते. पण कुठल्या शाळेत किती वर्षं ड्रॉइंग शिकवलं, ते लिहिणार नाही. ते वाचून कुणाला झोप लागली तर दोष माझ्यावर येईल. पहिल्या नोकरीचं तेवढं लिहिते.

काळ मध्यभारताचा. आजकालच्या पोरांना मध्यभारत म्हटलं की नकाशाचा मधला तुकडा वाटतो. अरे भिया, राज्य होतं ते! संस्थानं विलीन झाली होती, मध्य प्रदेश व्हायचा होता, आणि मधल्या काळात आम्हाला राजधान्या दोन. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सरकार बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायचं. रुजू होताच मी रंगांसाठी अर्ज केला, तर तो ज्या टेबलावर पोचला ते टेबलच ग्वाल्हेरला निघून गेलं. मी तिकडे स्मरणपत्र धाडलं, तोवर टेबल इंदूरला परत. दोघांची वाटेत गुणा स्टेशनच्या आसपास कुठेतरी चुकामूक झाली असणार. रंग काही आले नाहीत.

नोकरी होती गावाबाहेरच्या एका टेकडीवरच्या क्षयाच्या दवाखान्यात. "हस्तव्यवसाय व करमणूक शिक्षिका" असं पद. आमचं घर मल्हारगंजात. बाबा संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे 'सरकारी' हा शब्द ऐकूनच खूष. आई मात्र रोज संध्याकाळी मला मागच्या दाराशी उभी करून डोक्यावरून पाणी ओतायची आणि म्हणायची, "आता कोण करणार हिला? सगळ्या इंदुरात बोभाटा झालाय, सॅनिटोरियमवाली म्हणून." स्थळं यायची बंद झाली हे खरं. मला त्याचं सुतक नव्हतं. मी स्वतःला मोठी कलावंत समजत होते. पांढरी साडी, अंबाड्यात खोचलेला ब्रश आणि मुंबईच्या ड्रॉइंगच्या परीक्षांची सर्टिफिकेटं. ब्रश अंबाड्यातच असायचा, कारण रंग ग्वाल्हेरला.

काम काय असायचं, ते सांगते. तेव्हा क्षयाची नवी सुई नुकतीच आली होती. ती सगळ्यांना मिळत नसे. बाकी औषध म्हणजे हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं. महिनोन् महिने पडून राहणं. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात वर करून केससुद्धा विंचरायचे नाहीत. अशा माणसांचं मन रमवायचं ते माझं काम. त्यात माझ्यावर बंधनं ही एवढी! कोळशाची कांडी नको, भुकटीनं खोकला उठतो. तैलरंग नकोत, वासानं छाती भरते. आणि काढलेला कागद फाटकाबाहेर जाणार नाही, तो भट्टीत. म्हणजे प्रदर्शन नाही, बक्षीस नाही, घरच्यांना दाखवणंसुद्धा नाही. उरली पेन्सिल आणि गुडघ्यांवर टेकवलेला पुठ्ठा.

शहाण्या बाईनं यातून काहीतरी ओळखलं असतं. मी काय केलं, तर स्टुलावर एक तांब्या ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, हुबेहूब काढा, छाया-प्रकाशासकट. आडवा पडलेला माणूस तांब्या खालून बघतो, त्याला तांब्याचं तोंड दिसतच नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मी प्रत्येकाचा तांब्या खोडरबरानं दुरुस्त करायची आणि, हसू नका, मार्क द्यायची. क्षयाच्या पेशंटांना! दहापैकी.

पुरुषांच्या वॉर्डात एक रिसालदार होते, संस्थानच्या घोडदळातले. मिशा अजून कडक, आवाज तेवढा फुटलेला. ते तांब्या काढेनात. रोज घोडा काढायचे, आणि तोही मागून. शेपूट, पुठ्ठे, दोन पाय, संपलं. मी दोन मार्क दिले आणि खाली लिहिलं, 'घोड्याला तोंड असते.'

ते थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर आम्हा दोघांना समोर घेऊन बसले, हसू दाबत.

"बाईसाहेब," रिसालदार म्हणाले, "माझी सगळी नोकरी दुसऱ्या रांगेत गेली. मला घोडा मागूनच माहीत. तुम्ही पहिल्या रांगेत होता का?"

"पण चित्रात..."

"आणि हा एकच घोडा नाही. हा मोती, हा शेरू, ही बिजली. शेपटीवरून कळत नाही तुम्हाला?"

मला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मार्क बंद करा बाई, नाहीतर हा माणूस ताप वाढवून घेईल." मी बंद केले, फुरंगटून. रिसालदार रोज एकेका घोड्याचा पुठ्ठा काढत राहिले आणि कुणाचा ते मला सांगत राहिले. विलीनीकरणात पागा मोडली तेव्हा बिजलीचा लिलाव झाला होता, तेही त्यातच कळलं. मग एके दिवशी कागदावर तोंड आलं. समोरून, अख्खं, कान टवकारलेलं. मी विचारलं, "हे कसं काय?"

"नेताना तिनं मागे वळून पाहिलं होतं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ताप उतरला वगैरे मी सांगणार नाही, तसं काही झालं नाही. पण त्या दुपारी ते गाढ झोपले. वॉर्डाच्या नर्सनं, सिस्टर मार्थानं, मला येऊन सांगितलं, "आज पहली बार बिना गोली के सोया है." त्या हिवाळ्यात रिसालदार गेले. चित्रं नियमाप्रमाणे भट्टीत गेली. बिजलीचं एक तरी मी पदराखाली लपवायला हवं होतं, असं अजून वाटतं. पण तेव्हा मी नियमांची फार भोक्ती होते.

आता गुलाबची गोष्ट.

गुलाब सिमरोलकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, सोळा-सतरा वर्षांची. लग्न लहानपणीच झालेलं, पण आणं व्हायचं होतं, म्हणजे मुलगी अजून सासरी नांदायला गेली नव्हती. त्याआधीच खोकल्यातून रक्त आलं. तिला नवी सुई मिळत होती, वडिलांनी कुठून कुठून खटपट करून मिळवलेली. पण पोरगी जेवेना. दूध ठेवलं तर तसंच, ताट ठेवलं तर तसंच. बोलतही नसे. सिस्टर मार्था हैराण. आमची सिस्टर म्हणजे झाशीकडची, उंचीनं एवढीशी पण आवाजानं अख्खा वॉर्ड भरणारी. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "सुई अर्धवट सुटली तर पुन्हा लागू पडणार नाही. आणि उपाशी पोटी ती आत्ताही लागू पडत नाहीये. तुमच्या तांब्याचा काही उपयोग होतो का बघा."

तांब्याचा शून्य उपयोग झाला. पेन्सिलीला तिनं हातच लावला नाही.

मग एका सकाळी सिस्टरची आरडाओरड ऐकू आली. "खाना नहीं है तो मत खा, दीवार क्यों गंदी करती है?" धावत गेले. गुलाबनं बोट डाळीत बुडवून खाटेशेजारच्या भिंतीवर रेघा ओढल्या होत्या. मी नीट पाहिलं. फराटे नव्हते ते. सरळ, सारख्या, एकमेकींना अचूक काटणाऱ्या रेघा. मांडणा होता तो. माळव्यात सणावाराला बायका सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या खडूमातीनं, म्हणजे खडीनं, आणि गेरूनं काढतात ना, तो. मल्हारगंजात आमच्या शेजारणी काढायच्या, आणि मी परीक्षा पास झाल्यापासून त्याला 'गावठी' म्हणायची. हो, म्हणायची. मोठी आली होती मुंबईची परीक्षा देऊन.

सिस्टरला मी म्हटलं, भिंतीला आठवड्यातून एकदा चुना लागतोच ना? (जंतू मरावेत म्हणून वॉर्डातल्या भिंती दर सोमवारी पोतल्या जायच्या. ते काम किसनचं.) मग रंगू दे की तिला. सिस्टर जरा विचार करून म्हणाली, "ठीक है. पर दाल से नहीं. दाल पेट में जाएगी." मी बाजारातून गेरू आणि खडी आणली. ग्वाल्हेरला विचारायची गरज पडली नाही.

आणि लगेच अक्कल चालवली. गुलाबला म्हटलं, "एक पोळी खाल्लीस की एक वाटी गेरू." दोन दिवस हे चाललं. मी वॉर्डभर मिरवले. तिसऱ्या दिवशी तिनं वाटी आणि पोळी दोन्ही माझ्याकडे सरकवली आणि डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, "बाईजी, बनिया मत बनो." मग अट सोडली. गेरू तिच्या उशाशी ठेवला आणि मी आपली निघून गेले.

ती काढायला लागली. आठवडाभरात भिंत भरली. मधोमध एक चौक. चौक म्हणजे काय, तर आपल्याकडे लग्नाला रांगोळी घालून पाट मांडतात, तसा तिकडे शुभकार्यात चौक पुरतात, आणि त्याच्या मध्यात पाटावर नवरा नाहीतर नवरी बसते. कडेनं पावलं, वेली, मोर, सगळं भरगच्च, आणि मध्यात नुसता पांढरा चुना. सोमवारी किसन पोतून गेला की मंगळवारी पुन्हा तोच चौक, पुन्हा मधोमध काही नाही. बोलणं मात्र नाही, आणि जेवण चिमणीएवढं.

आता ड्रॉइंगच्या बाईला रिकामी जागा सहन होते का? एका दुपारी ती एक्स-रेला गेली होती. मी अंबाड्यातला ब्रश काढला, गेरूत बुडवला आणि मध्यात एक सुरेख कमळ काढलं. आठ पाकळ्या, छाया-प्रकाशासकट. माझ्या मते चित्र आता पुरं झालं होतं.

ती परत आली, तिनं बघितलं. माझ्याकडे नाही, नुसतं भिंतीकडे. मग तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्या रात्री ताट परत गेलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. सिस्टरनं नळीनं दूध घालायचा प्रयत्न केला, ते उलटलं. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांना निरोप धाडला. सोमवारी किसननं चुना मारला तेव्हा माझं कमळ गेलं. मी त्याला सांगितलं, "दोन हात मार रे तिथे." तो म्हणाला, "बाईजी, तीन मारता. बहोत घणा दिखे हे." फार उठून दिसत होतं म्हणे.

मंगळवारी मी गेरू ठेवला आणि लांब खांबाआड जाऊन उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग पांघरुणातून हात बाहेर आला. चौक उतरू लागला. एवढी अशक्त, की एक रेघ झाली की दम खायची. मध्य तिनं तसाच सोडला, आणि माझी चाहूल लागताच त्यावर तळहात पालथा ठेवला. मी म्हटलं, "नाही गं बाई, नाही काढत."

बुधवारी तिचे वडील आले. ती त्यांना दायजी म्हणायची. बैलगाडी फाटकाशी उभी केलेली, हातात नव्या लाल लुगड्याचं गाठोडं. डॉक्टरांना भेटून आले होते. सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटली, "ले जाने आया है. बोलता है, मरना ही है तो घर में मरे. नया कपड़ा पहना के ले जाएगा." माझ्या कमळानं हे झालं असं मला वाटत होतं.

दायजी खाटेपाशी आले. "चाल बेटा, घरे चालां," म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीवर गेली. गाठोडं हातात तसंच राहिलं.

"यो कणे मांड्यो?"

"म्हने," म्हणजे मी, गुलाब म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत होता.

"यो तो आणा को चौक हे."

"हां."

"बीच में कोई नी?"

"थाने मालम हे, दायजी."

दायजी मटकन स्टुलावर बसले. माझा तांब्या त्याच स्टुलावर असायचा, तो सिस्टरनं कसाबसा झेलला. मला काही कळेना. सिस्टरनं हळूच सांगितलं. सासरच्यांनी सोयरीक मोडली होती. रोगी सून नको म्हणून मुलाला दुसरी बघितली होती. दायजींनी डॉक्टरांना, सिस्टरला, सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, पोरीला कळू देऊ नका, कळलं तर मरेल. मला तेवढं सांगायचं राहिलं, कारण मी करमणुकीची बाई.

"थने कणे कियो?" तुला कुणी सांगितलं, असं दायजींनी विचारलं.

"तीज पे लुगड़ो नी आयो," गुलाब म्हणाली. तीजेला सासरहून साडी-मेंदी येते, ती यंदा आली नव्हती. "मूं नानी थोड़ी हूं?" नानी म्हणजे लहान. "थे हर बार आवो, सबकी बात करो, वां की नी करो. मूं ने भी नी करी. थाने दुख होतो."

म्हणजे बाप पोरीपासून लपवत होता आणि पोरगी बापापासून. दोघं महिनोन् महिने एकमेकांना सांभाळत बसले होते, आणि त्यात पोरीचा घास घशाखाली उतरत नव्हता. दायजींचं तोंड वाकडं झालं. हुंदका आवरेना.

"रोवो मती," गुलाब म्हणाली. मग जरा थांबून, "अच्छा, रोई लो. मूं तो रोई ली, थे रई गया."

दायजी जे रडले! पागोट्याचा पदर तोंडात कोंबून रडले. सगळा वॉर्ड माना वर करून बघतोय. सिस्टर मार्थाचे डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचा, "धीरे! धीरे रोओ! सब लोग खांसने लगेगा!"

जरा वेळानं दायजींनी तोंड पुसलं. चौकाकडे बघत म्हणाले, "असो खाली नी छोड़े बेटा. अच्छो नी लगे." मी मनात म्हटलं, घ्या, हेच मी कमळानं सांगत होते. पण तोंड बंद ठेवलं.

गुलाबनं विचार केला. मग म्हणाली, "म्हारी बकरी कसी हे?"

"बकरी? ब्याणी. दो बच्चा हे."

"दो?" पोरगी उठून बसली. उठून बसायची परवानगी नव्हती तिला. सिस्टर पुढे झाली, तिला मी पदराला धरून मागे ओढलं. गुलाबनं बोट गेरूत बुडवलं आणि चौकाच्या मधोमध, नवरीच्या जागी, बकरी काढली. मग शेजारी दोन पिल्लं. घाईत मोठ्या बकरीला पाच पाय झाले. माझे हात एवढे शिवशिवले, की मी ते पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले. दायजी हसायला लागले, डोळे अजून ओलेच. "इको ब्याव किणका साथे करां?" हिचं लग्न आता कुणाशी लावायचं, म्हणे. गुलाबही हसली. हसायचीही परवानगी नव्हती.

"घरे चाले?" त्यांनी पुन्हा विचारलं, पण आता खरोखर विचारलं.

"सुई पूरी हुई जाय, पछे," ती म्हणाली. "बच्चा ने बेचजो मती."

दायजी एकटेच परत गेले. नवं लुगडं खाटेच्या पायाशी ठेवून गेले. संध्याकाळी गुलाबनं अर्धी पोळी खाल्ली. सिस्टर मला म्हणाली, "देखो, किसी को बताना मत, नज़र लगेगी," आणि स्वतः जाऊन सगळ्या दवाखान्याला सांगून आली.

एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? पण माझं डोकं वेगळंच पळू लागलं. मला वाटलं, हे जपलं पाहिजे. कागद भट्टीत जातो, भिंत थोडीच जाणार आहे? बकरीचा चौक हे माझ्या कामाचं सर्टिफिकेट! मोठे साहेब पाहणीला आले की दाखवू, जमलं तर एखाद्या फोटोवाल्याला आणू. सोमवारी किसन बादली घेऊन आला, तर मी खाटेपुढे हात पसरून उभी राहिले. "ही भिंत पोतायची नाही."

"पण बाईजी, आर्डर..."

"मी बघते ऑर्डरचं."

गुलाब पडल्या पडल्या बघत होती. तिच्या उशाशी ताट तसंच झाकलेलं.

"पोतवा दो, बाईजी," ती म्हणाली.

"अगं वेडे, किती सुरेख झालंय! पुन्हा असं जमेल का?"

"अब इणको कई काम? हुई गयो यो तो." तिनं भिंतीवर हात फिरवून जागा दाखवली. "अब यां कुवो मांडूंगा. ने लीमड़ो. ने म्हारी बई. भोत जगा लागेगा." विहीर, कडुलिंब आणि तिची आई, एवढं सगळं मांडायचं होतं तिला.

मी तिच्याकडे बघितलं, किसनकडे बघितलं. अंबाड्यातला ब्रश काही कामाचा नव्हता. किसनच्या हातातला कुंचा घेतला आणि बकरी, पिल्लं, मोर, पावलं सगळ्यांवरून स्वतः चुना मारला, वरून खाली, दोनदा. पांढऱ्या साडीची पार वाट लागली. "उधर रह गया," सिस्टर मागून सांगत होती, "वो पांचवां पैर अभी दिखता है."

भिंत ओली चकचकीत झाली. गुलाबनं बोट लावून पाहिलं, बोटाला चुना आला. वाळेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिनं ताट पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.